पर्यायी रस्ता उपलब्ध आहे

आबा, तुमच्यामागं तुमचा प्रश्नही गेला. राख सावडून आम्ही घरी आलो, पाय धुतले, आणि मुंबईहून फोन वाजला. विधानभवनात प्रश्नांच्या शाखेत बसणारा तो बारीक आवाजाचा माणूस, ज्याला तुम्ही दर अधिवेशनाला घरची शेंगदाण्याची चटणी न्यायचा, तोच बोलत होता. आधी इतका रडला की खोटं सांगत नाही, माझा कान ओला झाला. मग घसा साफ करून म्हणाला, नाना, आबांचा पुलाचा प्रश्न स्वीकृत झाला होता. पण सन्माननीय सदस्य हयात नसल्यामुळं तो व्यपगत झाला आहे. मी म्हटलं, मराठीत सांग. तो म्हणाला, गळाला.

म्हणजे नदी तिथंच. बंधारा तिथंच. त्याच्यावरनं दप्तरं डोक्यावर घेऊन पलीकडच्या शाळेला जाणाऱ्या पोरी तिथंच. फक्त विचारणारा गेला म्हणून विचारायचं कारण संपलं. सरकारचा हा हिशोब मला फार आवडला. उद्या पेशंट मेला की त्याला रोगच नव्हता असं लिहायला डॉक्टर मोकळे.

मी हे रागानं लिहितोय, आधीच सांगून ठेवतो. तुमच्यावर बाकीच्यांनी गोड लिहिलंय. गावोगाव फ्लेक्स लागलेत, त्यावर तुम्ही ढगात उभे आहात आणि खाली ज्यांना तुम्ही दारात उभं केलं नाहीत त्यांचे हात जोडलेले फोटो आहेत. तुमचा फोटो कुठला घेतलाय माहीत आहे? नागपूरचा. शिंक यायच्या बेतात होता तो. लोकांना वाटतं आबा दूरदृष्टीनं बघतायत. मी एकटाच फ्लेक्सखाली उभा राहून हसलो आणि मग तिथंच बसून भोकाड पसरलं. शेजारी सणसवाडीच्या कंपनीतली दोन बिहारी पोरं उभी होती, त्यांनी मला पाणी पाजलं आणि विचारलं, चाचा, ये कौन थे. मी काय सांगणार? म्हटलं, सवाल पूछते थे. त्यांना ते काही कळलं नाही. आपल्या लोकांना तरी कुठं कळलं होतं.

पक्षानं तुम्हाला वरच्या सभागृहात पाठवलं तेव्हा त्यांचा अंदाज साधा होता. मेंढरामागं वाढलेला माणूस आहे, पिवळा फेटा बांधून मागच्या बाकावर बसेल, हात वर कर म्हटलं की करेल. त्यांनी तुमचा आवाज ऐकला नव्हता. तुम्ही कवठे येमाईच्या माळावर मेंढरांना हाळी घातली की कासुर्डीला हायवेवर ट्रक साईडला लागायचे. मधे दोन तालुके आणि एक नदी आहे हे मलाही माहीत आहे, पण मी स्वतः एका सरदारजीला विचारलंय. तो म्हणाला, पीछे से किसी ने हॉर्न दिया था.

आणि असला आवाज मिळालेला माणूस मुंबईला जाऊन लिहायला बसला. आपल्या भांडणाचं मूळ तिथं आहे. मी म्हणायचो, आबा, ओरडा. तुम्ही म्हणायचा, नाना, लिव.

पहिला प्रश्न नागपूरला आमदार निवासात लिहिला. तुम्ही सरकारी गादी भिंतीला उभी करून ठेवली होती आणि खाली घोंगडं अंथरलं होतं. तुम्ही सांगत होता, मी उतरवत होतो. आपल्याकडं पारावर बसून गाऱ्हाणं सांगतात, त्याच चालीत तुम्ही सांगितलं, आणि मी बहाद्दरानं त्याच चालीत लिहिलं. बंधाऱ्याला कठडा नाही आणि नदीवर पूल नाही आणि पोरींची शाळा पलीकडे आहे आणि एसटी बंद आहे आणि उसात बिबट्या आहे, हे खरे आहे काय? एका दमात सगळं. वाचून दाखवलं तेव्हा आपल्या दोघांचेही डोळे भरून आले होते.

उत्तर आलं: हे खरे नाही.

तुम्ही कागद उलटा करून बघितला, मागं काही असेल म्हणून. मागं काही नव्हतं. नंतर त्या चटणीवाल्यानं समजावून सांगितलं तेव्हा कळलं. आपण प्रश्न पाठवला आणि त्याच आठवड्यात एसटी सुरू झाली. पाचांतली एक गोष्ट खोटी ठरली, म्हणून खात्यानं पाचही खोट्या ठरवल्या. एका एसटीखाली पूल, शाळा, कठडा आणि बिबट्या, सगळे चिरडले गेले. आणि ती एसटी तरी कशी, ज्या दिवशी उत्तर छापून आलं त्या दिवशी पुन्हा बंद पडली. ड्रायव्हरला मंत्रालयातनं कळवलं असणार.

दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. तुम्ही त्याच संध्याकाळी म्हणालात, "नाना, मेंढरं मोजायची तवा आपुन वाघरीच्या जाळीचं तोंड बारीक करतो. एकेक सोडतो. घोळका सोडला की लबाड माणूस म्हणंल तेवढी मोजायची. वाक्य बी तसंच सोडायचं."

त्यानंतर तुमच्या प्रश्नात कधी 'आणि' आला नाही. एका वाक्यात एकच गोष्ट. मी 'शेकडो ग्रामस्थ जीव मुठीत धरून' असं लिहिलं की तुम्ही विचारायचा, मूठ कुणी बघितली? खोड. मी 'रौद्ररूप धारण केलेली भीमा' लिहिलं की म्हणायचा, पाणी किती, तेवढं लिव. माझी सगळी कला तुम्ही मारून टाकली. तुम्ही माझे इतके शब्द खोडले की ते नुसते नदीत टाकले असते तरी चालत पलीकडं जाता आलं असतं.

एक मात्र मान्य करतो. मी इतकी वर्षं इतकं चढवून बोललो, पण तुम्ही मला कधी खोटारडा म्हणाला नाहीत. कुणी तक्रार केली तर तुम्ही सांगायचा, "नाना वाढवून सांगतो, पर मुळात असतंय." एवढ्या एका वाक्यावर मी तुमच्या दारात राबलो. कागदावर मी तुमचा स्वीय सहायक होतो. प्रत्यक्षात ड्रायव्हर, आचारी आणि विरोधी पक्ष.

आता त्या उत्तरांबद्दल बोलू. मला ती पाठ आहेत, कारण संतापानं पाठांतर चांगलं होतं.

तुम्ही एक गोष्ट विचारली: या बंधाऱ्यावरून लोक नदी ओलांडतात, हे खरे आहे काय? उत्तर: बंधारा पाणी अडवण्यासाठी असून वाहतुकीसाठी नाही, सबब त्यावरून लोक ये-जा करतात हे खरे नाही. आबा, हे वाचलं त्या दिवशी मी बंधाऱ्यावर जाऊन उभा राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की तुम्ही इथं नाही आहात. एक म्हातारी डोक्यावर पिठाचं डबडं घेऊन चालली होती. ती म्हणाली, मग डबडं तू धर, मी न्हाई तर ते पडंल.

मग तुम्ही फोटो जोडलात. उत्तर आलं, अंशतः खरे आहे. कुठला अंश, ते लिहिलं नाही. कमरेच्या वरचा की खालचा?

मग तुम्ही पूल कधी होणार म्हणून विचारलं. उत्तर आलं, नदीच्या मध्यावर दोन तालुक्यांची हद्द असल्यानं संबंधितांकडून अहवाल मागवला आहे. शिरूरच्या बाजूनं फाईल दौंडच्या बाजूला गेली, दौंडनं ती शिरूरला पाठवली. भीमा ओलांडायला माणसाला पूल नव्हता, पण फाईल कशी कोरड्या पायानं जायची-यायची ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

मग एक साहेब पाहणीला आला. बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, बंधाऱ्याच्या कडेला उभा राहिला, खालच्या भोवऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, दुसरा रस्ता आहे का? आपण भाबडे. पाहुण्याला त्रास नको म्हणून आपणच त्याला गाडीत घालून लांबच्या पुलावरनं फिरवून पलीकडं नेलं. एवढा वळसा की तो मधे झोपला. घोरला. तोंडात माशी गेली हे मी नंतर वाढवलंय, पण घोरला हे खरं. पलीकडं पोचल्यावर तुम्ही त्याला उठवून म्हणालात, साहेब, ही बघा शाळा, तिकडनं सरळ आलो असतो तर एक विडी ओढून होईस्तवर आलो असतो. त्यानं डोळे चोळत मान डोलावली.

त्याच्या अहवालावरनं उत्तर आलं: पर्यायी रस्ता उपलब्ध असल्याने प्रश्न उद्भवत नाही.

आपल्याच गाडीतनं, आपल्याच डिझेलवर, आपणच दाखवलेला रस्ता. आपल्याइतका पाहुणचार करणारी जमात जगात दुसरी नसेल, आणि सरकारला हे पक्कं माहीत आहे.

ते उत्तर तुम्ही लपवलं नाहीत. हे तुमचं मला कधी कळलं नाही. दुसरा पुढारी असा कागद चुलीत घालेल. तुम्ही बंधाऱ्याच्या कडेला कपडे धुणाऱ्या बायकांपुढं उभं राहून अख्खा वाचून दाखवलात, सहीसकट. त्यातली एक म्हणाली, "आबा, उद्भवत न्हाई म्हंजी काय वो?" तुम्ही म्हणालात, "म्हंजी आपुन हाय असं त्यांना अजून दिसलं न्हाई." ती धुणं आपटत म्हणाली, "मतं मागायला येतात तवा बरं दिसतं." सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खिशातनं पेन काढून तिथंच दगडावर बसून पुढचा प्रश्न लिहायला घेतलात.

मी त्या दिवशी तुम्हाला म्हणालो होतो की आता बास. हायवेवर बसू. मेंढरं घेऊन बसू, हजार मेंढरं रस्त्यात सोडली की पोलिसांनाही हलवता येत नाहीत. पुण्यापासून सोलापूरपर्यंत गाड्या थांबतील, मंत्री स्वतः फावडं घेऊन पूल बांधायला येईल. तुम्ही म्हणालात, "रस्त्यावर बसलं की त्ये तोंडी सांगत्यात. तोंडी म्हंजी वारं. ह्ये लेखी हाय. सरकारनं आपल्या हातानं लिवून दिल्यालं खोटं हाय नाना. एक दिस ह्येच त्यांच्या गळ्यात पडंल." मी म्हटलं, आबा, त्यांचा गळा केवढा जाड असतो ते तुम्ही जवळनं बघताय, तरी असं बोलताय?

हेच भांडण वर्षानुवर्षं. मुंबईच्या वाटेवर, घाटात, टोलनाक्यावर. शेवटचं झालं ते तुमच्या अंगणात, तुम्ही जायच्या आधीच्या आठवड्यात. पुन्हा प्रश्न पाठवलात म्हणून मी चिडलो होतो. तुम्ही म्हणालात, तुला माणसं जमवायची हौस हाय, पूल नको हाय. मी म्हणालो, आणि तुम्हाला कागद जमवायची. उठलो आणि चालू पडलो. तुम्ही मागनं हाक मारलीत. तो आवाज, ज्यानं ट्रक थांबायचे. मी थांबलो नाही. मला वाटलं, राग उतरला की येऊन भांडण पुरं करू. ते आता असंच उघडं पडलंय, आणि तुम्ही पलीकडं जाऊन बसलाय, जिथं मला येता येत नाही. म्हणून हे लिहितोय, भांडण अर्धवट सोडणारा माणूस मी नाही.

ज्या दिवशी तुम्ही गेलात, त्या दिवशीचं तुम्हाला सांगितलं पाहिजे. तुम्ही तिथं होता, पण तुम्हाला काही दिसलं नसणार.

वरच्या धरणातनं पाणी सोडलं होतं. बंधाऱ्यावरनं पाणी वाहत होतं. पलीकडच्या काठावर तुमची मुक्ता उभी होती. एकुलती लेक, नदीपल्याड दिलेली, हाकेच्या अंतरावर. तुम्ही हजारदा सांगितलं होतं की मला अग्नी मुक्ताच देईल. भावकीतल्या कुणी नाक मुरडलं तर तुम्ही त्याला विचारायचा, तुझ्या नाकाला काय झालं? तर ती मुक्ता पलीकडनं मला फोनवर म्हणाली, "काका, मला मांडव दिसतोय. माणसं दिसत्यात. तुमी पांढरी टोपी घातलीया ती बी दिसतीया." आणि मग म्हणाली, मी वळशानं येते, तोवर थांबा.

पर्यायी रस्ता उपलब्ध होता, आबा. त्याच रस्त्यानं निघाली ती. रस्ता म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात एका खड्ड्यात माझी मोटरसायकल पडली होती, ती काढायला दोर सोडला आणि आतनं दुसऱ्याच कुणाची तरी निघाली. त्यात मधे सणसवाडीकडं निघालेला एक कंटेनर आडवा झाला होता. मागं गाड्या, पुढं गाड्या, बाजूला चिखल. ती फोन करत होती, मी सांगत होतो, थांबलोय, ये.

आणि इकडं मंत्रीमहोदय आले. तेच. त्या खात्याचे. ज्यांच्या सहीनं ती सगळी उत्तरं यायची. पांढऱ्या गाड्यांची रांग आली, पोलीस आले, आपल्या लोकांनी खुर्च्या पुसल्या. त्यांनी हार घातला, डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांच्या माणसानं घड्याळ बघितलं. पुढं कुठंतरी सभागृहाचं भूमिपूजन होतं. माईकवरनं कुणीतरी म्हणालं, मान्यवरांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं आहे, तरी विधी आटोपून घ्यावेत.

आटोपून घ्यावेत. हाच शब्द वापरला.

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याइतक्या मोठ्यानं ओरडलो असेन. म्हटलं, लेक वाटेत आहे, लेक आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. भावकीतले जाणते म्हणाले, नाना, मोठा माणूस ताटकळतोय, बरं दिसत नाही. आणि आबांचा पुतण्या आहे की. मला चौघांनी धरलं. एरवी मी सांगितलं असतं की चाळीस जणांनी धरलं, पण चौघांनीच धरलं, आणि तेवढ्यांना मी पुरलो नाही. पुतण्यानं अग्नी दिला. मंत्रीमहोदयांनी नमस्कार केला, खिशातनं रुमाल काढला, आणि गाड्या गेल्या.

पलीकडच्या काठावर मुक्ताची सासू उभी होती. तिनं कंटेनरमागं अडकलेल्या सुनेला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "मुक्ते, धूर दिसतोय गं."

मुक्ता आली तेव्हा दिवस कलला होता. ती रडली नाही. निखाऱ्यापाशी बसली आणि मला म्हणाली, काका, त्यांच्या त्या उत्तरात काय लिहिलं होतं, परत एकदा सांगा. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बास.

दशक्रियेला नदी उतरली होती. घाटावर मांडव, माईक, मान्यवरांना सोफा. आपल्याकडं दहाव्याला कावळ्याआधी पुढारी शिवतात. ते एकामागून एक उठून बोलले. एकानं तुम्हाला झुंजार म्हटलं, एकानं अभ्यासू, एकानं तुमचं नावच चुकीचं घेतलं. मग मंत्रीमहोदय उभे राहिले. म्हणाले, आबांनी पुलाचा प्रश्न किती तळमळीनं लावून धरला याचा मी साक्षीदार आहे. साक्षीदार, आबा. म्हणाले, आज मी या पवित्र ठिकाणी जाहीर करतो, इथं जो पूल होईल त्याला आबांचं नाव दिलं जाईल. टाळ्या पडल्या. दहाव्याला टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. नसलेल्या पुलाचं बारसं झालं, आता घुगऱ्या वाटायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. शेवटी मुक्ताकडं वळून म्हणाले, ताई, आजपासून मला थोरला भाऊ समजा.

भाषणं झाली, जेवणं झाली. मुक्ता सासरी जायला निघाली. लेक निघाली की माहेरच्या कुणीतरी तिला बंधाऱ्याच्या मध्यापर्यंत सोडायचं आणि पलीकडनं सासरच्यांनी न्यायला यायचं, ही आपली रीत. पलीकडनं तिचा दीर येऊन मधे उभा राहिला होता. आपल्या बाजूनं दर वेळी तुम्ही जायचा. पुतण्या पुढं सरकला, तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. सरळ सोफ्यापाशी गेली. आवाज चढवला नाही.

"सायेब, थोरलं भाऊ म्हणालात. मग मला मधापतूर सोडायला चला."

पातेलं खरवडणाऱ्या आचाऱ्याच्या हातातलं उलथणं थांबलं. माणूस उठला, हे मी मान्य करतो. चालत कडेपर्यंत आला. बंधाऱ्याच्या माथ्यावर शेवाळ होतं, कठडा नाही, दोन्ही अंगाला पाणी, आणि खाली मोऱ्यांतनं ते असं घुमत होतं की बोललेलं ऐकू येऊ नये. त्यांनी एक पाय टाकला. पाय सरकला. दोन पोलिसांनी दंड धरले. तो पाय मागं आला. त्यांचा माणूस कानाशी लागला, आणि मंत्रीमहोदय हसून म्हणाले, "ताई, असं करा, माझ्या गाडीत बसा. रस्त्यानं अगदी घरापर्यंत सोडतील तुम्हाला."

मुक्ता म्हणाली, "त्या दिवशी मी त्याच रस्त्यानं आले होते."

तिनं चपला हातात घेतल्या, पदर खोचला आणि निघाली. मी मागं गेलो. मधापर्यंत सोडलं. दिरानं तिचा हात धरला. मी परत वळून बघितलं तर साहेब अजून कडेलाच उभे होते, आणि त्यांच्याभोवती उभ्या असलेल्या आपल्या माणसांपैकी एकानंही त्यांच्यासाठी वाट केली नव्हती. गाडीपर्यंत जायला त्यांना एकेकाला बाजूला व्हा म्हणावं लागलं. एवढंच घडलं. दगड नाही, घोषणा नाही. वाढवून सांगण्यासारखं यात काही नाही, म्हणून मी वाढवत नाही.

माझ्या खिशात तुमचा प्रश्न होता, नवा उतरवलेला. आठवडाभर मी सदस्यांच्या दारात हिंडत होतो; कुणी म्हणालं आमचा भाग नाही, कुणी म्हणालं आमच्याच सरकारला कसं विचारू. साहेबांच्या गाड्या गेल्यावर त्यांच्याच बाजूचा एक आमदार माझ्याजवळ आला. मी त्याला आजवर फक्त लग्नात जेवताना बघितलं होतं. म्हणाला, द्या तो कागद. गाडीच्या बॉनेटवर ठेवून वाचला. मी त्यात एकच वाक्य नवीन घातलंय. पूल नसल्यामुळे दिवंगत सदस्यांची मुलगी त्यांच्या अंत्यविधीस पोहोचू शकली नाही, हे खरे आहे काय? त्या वाक्यात 'आणि' नाही. नदीला मी काही धारण करायला लावलेलं नाही. तुम्ही बघितलं असतं तर खोडायला पेन उघडून परत बंद केलं असतं.

त्यानं सही केली.

तेव्हा आबा, प्रश्न तुमच्या पद्धतीनं गेलाय. तुमचा मान राखला. आता उत्तर यायचं तेव्हा येईल. खरे आहे असं आलं, तर मी तुमच्या फोटोपुढं कान धरीन. पण पुन्हा खरे नाही असं आलं, किंवा अंशतः आलं, तर पुढचं माझ्या पद्धतीनं होईल. मुक्ताशी बोलून झालंय. पलीकडच्या बायका तयार आहेत, ती कपडे धुणारी सगळ्यांच्या आधी तयार आहे, तुमच्या भावकीतली मेंढरंही मिळतील. मुक्ता म्हणाली, काका, त्या दिवशी हायवेवर मी पुढं बसणार, तुम्ही माझ्या मागं. मी हो म्हणालो. तुमच्या लेकीला नाही म्हणायची माझी छाती नाही, आणि तुम्ही मधे पडू नका, आता ती छाती तुमचीही राहिलेली नाही.